उताराची बाजू

निपाणी,
२७ जून २०२४

सौम्या,

तुझा निरोप काल दुपारी मोबाईलवर आला. ‘आई, सुरीला हाताने धार कशी लावायची? आजोबा लावायचे तशी.’ तीन वर्षांनी एवढंच. मी बरी आहे, तू कशी आहेस, असलं काही नाही. मग मीही विचारत नाही. आशीर्वाद शेवटी लिहीन, कागद उरला तर.

फोन केला नाही, कारण फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो. मोबाईलवर बोटाने लिहायला गेले तर माझं बोलणं तारेसारखं होतं. आयुष्य पोस्टात गेलं, तेव्हा पत्राचा मला कंटाळा नाही. वाच, आणि सांगितलंय तसं कर.

दगड आधी पाण्यात ठेव. बुडबुडे यायचे थांबले की काढ. खाली ओलं फडकं, म्हणजे दगड सरकत नाही. सुरी दगडावर आडवी ठेवून पाठीची बाजू किंचित उचल, खाली दोन नाणी सरकतील एवढीच. मग दगडावरचा पातळ पापुद्रा काढायचा आहे असं समजून पुढे ढकल, मुठीकडून टोकाकडे. उचलीचा कोन बदलू द्यायचा नाही. धार जोराने लागत नाही, कोन न बदलल्याने लागते. तू लहानपणी पट्टीने रेघ मारतानासुद्धा पट्टी हलवायचीस, म्हणून दोनदा लिहिते: कोन बदलू द्यायचा नाही.

थोड्या वेळाने पलीकडच्या बाजूला अंगठ्याला बारीकसा खरखरीत काठ लागेल. तो लागला की सुरी उलटी करायची आणि जेवढे हात या बाजूला मारले तेवढेच त्या बाजूला. दोन्ही बाजू सारख्या. मग हलके हात, आणि शेवटी कातड्याच्या जुन्या पट्ट्यावर धार मागे ठेवून ओढायची. तुझ्या बाबांचा पट्टा तू नेला आहेस, तो वापर.

परीक्षा नखावर. धार नखावर टेकवायची. घसरली तर बोथट, अडली तर लागली. आणि लावलेली सुरी कुणाच्या हातात द्यायची नाही. खाली ठेवायची, घेणाऱ्याने उचलायची. हा आजोबांचा नियम. हातात दिली तर भांडण होतं म्हणे. मी बी.एस्सी. झालेली बाई, मी मानत नाही. पण कुणाचं बोट कापत नाही, एवढा फायदा आहे.

आजोबांचा दगड मागू नकोस. तेव्हा दिला नाही, आताही देणार नाही. खानापूरच्या बाजारात बघ. मी स्वतः हे काम कधीच सोडलं आहे. आजोबांनी मला दगडावरून उठवून बेळगावला कॉलेजात घातलं, ते पुन्हा दगडावर बसायला नव्हे.

सुरी कशाला हवी आहे? गुंजीत एकटीच्या स्वयंपाकाला अशी काय धार लागते? पावसात रात्री दाराला कडी लावतेस ना?

कागद संपला.

मंजुश्री घाडी

निपाणी,
१० जुलै २०२४

सौम्या,

पत्र पोचल्याची खूण म्हणून तू मोबाईलवर अंगठा पाठवलास. माझ्या कारकिर्दीत असले अंगठे निरक्षरांचे घ्यायचो आम्ही.

काल फोटो आला. ‘धार लागते, पण टिकत नाही.’ फोटोत सुरी निम्मी, बाकी तुझा चिखलाचा पाय. अनवाणी. लेप्टोचा ताप आला म्हणजे कळेल.

पात्यावर काळे डाग दिसले. कांद्याचे नव्हेत, भाजीचे नव्हेत. मी सकाळभर त्या डागांकडे बघत होते. दूध उतू गेलं. ते डाग आंब्याच्या चिकाचे आहेत. आणि जुलैत कोण आंबे कापतं?

म्हणून मष्णू भावजींना फोन लावला. तुझे काका म्हणजे एक प्रश्न विचारावा आणि चार गावांची खबर ऐकावी.

‘‘व्हय वैनी, कलमं बांधतीया पोरगी. धाकटी सुरी घेऊन दिसभर मांडवात बसतीया. आपल्या शेप्याची कलमं.’’

‘‘कशाला? तो आंबा कुणाला हवाय?’’

‘‘आता काय सांगू. रस्ता रुंद होतोय न्हवं. बांधावरचा शेप्या रस्त्यात जातोय. आगस्टात पाडणार म्हंत्यात. झाड बी आतनं वाळवीनं खाल्लंय. एकच फांदी जित्ती हाय, तिच्यावरच काय त्या काड्या मिळत्यात. पोरगी म्हणती, बाबांचं झाड जाऊ देणार न्हाय.’’

‘‘जगतात का कलमं?’’

‘‘जगली असती तर तुम्हाला मेसेज केला असता व्हय तिनं? लई हट्टी हाय बगा. कुणावर गेलीया कुणास ठावं.’’ आणि हसले. मी फोन ठेवला.

मला हे परक्याकडून कळावं? दीर परका नाही, पण तुझ्याहून परकाच. बेळगावच्या बँकेतली खुर्ची सोडून तू नर्सरी करायला गेलीस ते मला माहीत होतं. काजूची करत असशील असं वाटलं होतं. काजूला निदान गिऱ्हाईक आहे.

शेप्या आंबट आहे. कच्चा असताना शेपूचा वास येतो, पिकल्यावरही जात नाही. तुझे बाबा दर वैशाखात पोतं भरून आणायचे, आणि सगळं घर भाजीच्या टोपलीसारखं वास मारायचं. मी दर वर्षी सांगत होते, पुढच्या वर्षी आणू नका. झाडाचं मला काही नाही. झाडं पडतात.

सुरीच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठव. पाय नकोत. आणि चीक प्रत्येक कापाला ओल्या फडक्याने पूस, पातं चिकाने खातं.

आई

निपाणी,
१८ जुलै २०२४

सौम्या,

हात थांबव. हे वाचत असताना सुरी हातात असेल तर खाली ठेव.

दोन्ही फोटो आले. मी भिंग घेऊन खिडकीत बसले. एका बाजूला उतार आहे. दुसरी बाजू मुळात सपाट होती. सपाट असायला हवी होती. तुझ्या सुरीला आता दोन्हीकडून उतार आहे, आणि दुसरा तुझ्या हाताने पाडलेला, कारण मी लिहिलं होतं, दोन्ही बाजू सारख्या.

स्वयंपाकाच्या सुरीला ते बरोबर आहे. कलमाच्या सुरीला नाही. तिची एक बाजू पट्टीसारखी सपाट लागते, ती लाकडाला टेकून सरळ जाते. दोन्हीकडून उतार पाडला की सुरी लाकडात वाकडी शिरते आणि काप चमच्यासारखा खोलगट होतो. मग डोळकाडीची, म्हणजे शेप्याच्या काडीची, पाचर रोपाच्या खाचेत घट्ट बसत नाही. मधे फट राहते, फटीत पाणी, आणि काडी काळी पडते. तुझी काळीच पडली ना? भावजी म्हणाले, काळी पडून गळतात.

तू ‘सुरी’ म्हणालीस. कसली ते सांगितलं नाहीस. ‘कलमाची’ हा एक शब्द लिहिला असतास तर मी पहिल्याच ओळीत सांगितलं असतं. पण मग कसली कलमं ते सांगावं लागलं असतं, आणि आईला सांगायचं नव्हतं. आईनेही विचारलं नाही. स्वयंपाकघराच्या पलीकडे पोरीच्या हातात सुरी असू शकते हे तिच्या डोक्यात आलं नाही. वाटून घेऊ.

मला हे माहीत नसतं तर गोष्ट वेगळी. तुझे आजोबा तंबाखूच्या वखारीमागच्या बोळात बसायचे. विडीवाल्या बायका पान कापायच्या कात्र्या घेऊन यायच्या. पान स्वच्छ कापलं गेलं नाही तर विडी मार खाते, म्हणून त्या धारेच्या बाबतीत कडक. आजोबा मला शेजारी बसवून एकच सांगायचे, ‘‘उताराचीच बाजू. आतली बाजू शिवायची न्हाय, मंजू.’’ कात्रीचं आतलं अंग घासलं की दोन पाती एकमेकींना भेटत नाहीत. तुझी सुरी म्हणजे कात्रीचं एक पातं समज. लहान पोराला कळेल अशी गोष्ट.

फांदीवर चांगल्या काड्या किती उरल्या आहेत? भावजी म्हणतात, ‘‘एक खेप हुईल. पुन्यांदा चुकली तर हरी हरी.’’ तेव्हा आता एकही काडी तोडू नकोस. दुसरी सुरी घेऊ नकोस, नव्या सुरीला कारखान्याची धार असते, ती नावापुरतीच. ही सुरी पोस्टाने इकडे पाठव.

झाड कधी पाडणार, तारीख विचारून घे. मला नको. तुझ्यासाठी.

आई

निपाणी,
२५ जुलै २०२४

सौम्या,

सुरी आली. वर्तमानपत्रात गुंडाळून! टोक पाकिटातून बाहेर आलं होतं. पोस्टमनने दारात उभं राहून माझ्याकडे असं बघितलं की मी शाळकरी पोरीसारखी त्याची माफी मागणार होते. पातं नेहमी दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून दोऱ्याने बांधावं. बँकेत हे शिकवत नाहीत, मान्य. घरात मी शिकवलं नाही, तेही मान्य.

आता दगडाचं ऐक. आजोबांचा दगड काढला. कुठून काढला ते विचारू नकोस. त्याच्या मधोमधून एका कोपऱ्यापर्यंत खळगी आहे, आजोबांच्या हाताने पडलेली. कात्र्या त्यावर चालतात, त्या खळगीने उताराचं काही बिघडत नाही. पण सुरीची सपाट बाजू पुन्हा सपाट करायची तर दगडच सपाट हवा. खोलगट दगडावर सपाट काही होत नाही.

एक दिवस मी दगड नुसता मेजावर ठेवून हिंडले. भाजी आणली, पंखे पुसले, माळ्यावरचे डबे उतरवून परत चढवले. बाजारात नवा दगड बघितला. तो सुरी खातो, घासत नाही. परत आले.

मग मागच्या अंगणातल्या शहाबादी फरशीवर वाळू पसरली, पाणी ओतलं आणि दगड पालथा घालून घासायला बसले. पालथा घातल्यावर ती खळगी दिसत नाही, हे एक बरं.

बोळातली विडीवाली चंपाबाई नेहमीप्रमाणे कात्र्या घेऊन आली. ती आली तेव्हा माझे हात कोपरापर्यंत राखाडी.

‘‘आक्का, ह्ये काय मांडलंय?’’

‘‘दगड सरळ करतेय.’’

‘‘अगं बया! नागोजीमामाच्या हाताची खळगी मोडलीस? त्यात माझं बोट जायचं सरळ, मी बघायची दर खेपेला.’’

‘‘काम आहे, चंपाबाई.’’

‘‘कुणाचं काम?’’

‘‘एका गिऱ्हाइकाचं.’’

‘‘गुंजीचं गिऱ्हाईक व्हय?’’ आणि खाली बसली. ‘‘सर तिकडं. कंबर हाय का तुला? मी धरते या टोकानं. दोघी ओढू.’’

‘‘तुझ्या कात्र्या?’’

‘‘माझ्या कात्र्यांना घाई न्हाय. त्यांना कुठं पोरगी हाय.’’

ही बाई चाळीस वर्षं विड्या वळत आली आणि तोंड तिचं कात्रीहून चांगलं चालतं. मी ‘कधीच सोडलं आहे’ असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं. बोळातल्या बायकांच्या कात्र्या मी लावून देते. ते काम नव्हे. ती सवय आहे.

दगड सपाट झाला. पट्टी उभी धरून बघितली, खालून उजेड येत नाही. कडेला त्या कोपऱ्यात खळगीचा थोडा भाग राहिला होता. तोही काढला असता. चंपाबाई म्हणाली, ‘‘ऱ्हाऊ दे की एवढा.’’ राहू दिला. सुरी तिथे लागत नाही.

उद्यापासून सुरी.

आई

निपाणी,
३० जुलै २०२४

सौम्या,

सुरी या पत्रासोबत. पुठ्ठा, दोरा आणि वर कापड, बघून ठेव कसं बांधतात.

सपाट बाजूला वेळ लागला. तू पाडलेला उतार जाईपर्यंत सगळं पातं घासून उतरवावं लागलं, त्यामुळे सुरी पूर्वीपेक्षा अरुंद दिसेल. घाबरू नकोस. आता सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकते, पाणी खाली अडकत नाही. उताराच्या बाजूला नवी धार लावली. पेरूच्या डहाळीवर बघितली. काप आरशासारखा आला, दोन तुकडे जोडल्यावर फट दिसेना. चंपाबाईने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, ‘‘शिवण कुठं हाय?’’ एवढं प्रमाणपत्र मला पुरे.

आता तुझं काम. पहिलं पत्र फाडून टाक. यापुढे उताराचीच बाजू दगडावर. सपाट बाजूला शेवटी फक्त एक हलका हात, तोही पूर्ण टेकवून, पाठ उचलायची नाही. खरखरीत काठ निघाला की थांबायचं. कलमं बांधायला बसशील तेव्हा रोज सकाळी पट्ट्यावर ओढ. बोथट झाल्यावर धार लावू नये, बोथट होण्याआधी लावावी. संध्याकाळी चीक पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरव. त्या सुरीने कलमाला बांधायची प्लॅस्टिकची पट्टी कापू नकोस, दोरी कापू नकोस, आणि भावजींना तिने सुपारी कापू देऊ नकोस. ते मागतील.

पाचर एका कापात. दुसऱ्यांदा सुरी फिरवून नीट करायला जाशील तर तिथेच बिघडेल. तुला दुरुस्त्या करायची खोड आहे. माझीच आहे, म्हणून ओळखते.

आधी साध्या डहाळ्यांवर हात बसव. मग शेप्याची काडी तोड.

एक गोष्ट लिहू का नको असं दोन दिवस चाललंय. लिहिते, मग रेघ मारणार नाही. तू गेलीस त्या दिवशी सकाळी ओट्यापाशी तू काकडी कापत होतीस, आणि बोलता बोलता ‘आई, धर’ म्हणून सुरी माझ्या हातात दिलीस. मी हातातून घेतली. खाली ठेव म्हणाले नाही. त्यानंतर तू दगड मागितलास आणि मी ते सगळं बोलले. दगड माहेरचा आहे, जो मातीत जातो त्याला मिळत नाही, वगैरे. तूही कमी बोलली नाहीस. बाबा असते तर त्यांनी मला जाऊ दिलं असतं, म्हणालीस.

योगायोग आहे. मी बी.एस्सी. आहे. पण तीन वर्षांत मी कुणाच्या हातातून सुरी घेतलेली नाही.

झाड कधी पाडणार, ते लिहिलं नाहीस.

आई

निपाणी,
२४ ऑगस्ट २०२४

सौम्या,

तुझा निरोप नाही, अंगठाही नाही. तीन आठवडे मी मोबाईल उशाशी ठेवला. परवा दोनदा बसस्टँडपर्यंत जाऊन परत आले. पिशवीत दगड होता. चंपाबाईने दोन्ही वेळा बघितलं आणि एकदाही विचारलं नाही. तिचा हा पहिलाच अनुभव असेल.

काल रात्री भावजींचा फोन. आधी गावच्या पावसाचं, मग म्हशीचं, मग त्यांच्या कुमारच्या लग्नाचं. मी म्हटलं, ‘‘भावजी, मुद्द्याचं.’’

‘‘शेप्या मंगळवारी पाडला, वैनी.’’

मी मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

‘‘पोरगी हुबी हुती शेवटपतोर. रडली न्हाय. मशिनवाल्याला म्हणाली, फांदी हळू खाली सोडा. आता फांदीवर काय न्हवतं, काड्या आधीच काढल्याल्या. तरी म्हणाली.’’

‘‘आणि कलमं?’’

‘‘तेच सांगायला फोन केला न्हवं! तिनं सांगू नका म्हटलंय. म्हणती, अजून पक्कं न्हाय, आईला अर्धवट सांगिटलेलं आवडत न्हाय.’’

‘‘सांगा.’’

‘‘निम्म्याहून जास्ती हिरवी हायती. पालवी सुटलीया. तांबूस. म्या एक पान चुरगाळून वास घेतला तर माझ्या हातावर चापट मारली तिनं.’’

‘‘वास कसला आला?’’

‘‘कसला येणार? शेपूचा.’’

फोन ठेवल्यावर मी माळ्यावरून बरणी काढली. बाबांच्या शेवटच्या पोत्यातलं लोणचं आहे, तळाला थोडं. पानात वाढून घेते कधी कधी. झाडाचं मला काही नाही असं मी लिहिलं होतं. तेही पत्र फाड.

अर्धवट सांगितलेलं मला आवडत नाही हे खरं. पण पालवी फुटल्याबरोबर सांगितलं असतंस तर चाललं असतं.

पालवी कोवळी आहे. कलमांवरची प्लॅस्टिकची टोपी एकदम काढू नकोस. आणि पट्टी सोडायची वेळ येईल तेव्हा कलमाच्या सुरीने सोडू नकोस, आधी लिहिलंच आहे, पुन्हा लिहिते, कारण तू विसरशील.

मी बुधवारी येते. बेळगावहून सकाळची गाडी धरते, दुपारच्या आत गुंजीला उतरेन. भावजींना स्टेशनवर पाठवू नकोस, ते वाटेत प्रत्येक दारात थांबतील. रस्ता मला माहीत आहे. बांधावर झाड नसेल, तेवढं मी चालता चालता बघून घेईन, दारात त्याबद्दल बोलू नये.

सुरीची धार बघायची आहे. तू ती महिनाभर कशी ठेवलीस ते नखावर कळेल, तेव्हा आधीच लावून ठेवू नकोस. मला हातात देऊ नकोस. कट्ट्यावर ठेव, मी उचलीन.

दगड मी कट्ट्यावर ठेवणार नाही. दगडाला तो नियम नाही, तो हातातच द्यायचा असतो. जड आहे. मी आले की दोन्ही हात मोकळे ठेव.

आशीर्वाद. या वेळी कागद उरला.

आई